पाठीवर कवटी असलेला पतंग: नेमका कोणता?

अंगणवेल | १२ सप्टेंबर, सकाळी ७:२०

काल रात्री साडेदहाच्या सुमारास व्हरांड्यातला दिवा मालवायला गेले, तर दिव्यापासून हातभर अंतरावर भिंतीला हा चिकटून बसला होता. आधी वाटलं, झाडाच्या सालीचा तुकडा आहे. जवळ गेले, पाठ दिसली आणि तिथेच थबकले. डोक्यामागे, जिथून पंख सुरू होतात त्या छातीच्या भागावर चक्क कवटी. दोन काळे डोळे, खाली निमुळता होत गेलेला जबडा, भोवती फिकट पिवळसर केसाळ खवले. कुणी बारीक कुंचल्याने काढावी इतकी रेखीव.

मोजपट्टी शेजारी धरली. डोक्यापासून मिटलेल्या पंखांच्या टोकापर्यंत साडेपाच सेंटीमीटर. अंग माझ्या अंगठ्याएवढं जाड.

फोटोसाठी काचेची बरणी वर ठेवायला गेले तर तो ओरडला. मी शब्द विचार करून लिहितेय. पंखांची फडफड नव्हती, घासल्यासारखा आवाजही नव्हता. उंदराच्या पिल्लासारखं बारीक, तुटक 'चीक् चीक्'. दोनदा झाकलं, दोन्ही वेळा ओरडला.

रात्री शोधाशोध केली. 'डेथ्स हेड हॉकमॉथ' हे नाव मिळालं आणि त्याखाली 'अ‍ॅकेरॉन्शिया अ‍ॅट्रोपॉस'. फोटो ताडून पाहिले, अगदी हाच. तर अ‍ॅट्रोपॉस म्हणून नोंद करायला हरकत नाही ना? तीन फोटो देतेय. पहिला वरून, दुसरा बाजूने, तिसरा बरणीतून खालच्या बाजूचा, तो जरा हललाय. पतंग अजून बरणीत आहे, झाकणाला भोकं पाडली आहेत. आज रात्री सोडणार.

ओंजळ | १२ सप्टेंबर, सकाळी ७:५५

काय देखणा आहे! कवटीमुळे सगळं लक्ष तिथेच जातं, पण पहिल्या फोटोत पुढच्या पंखांवरची नक्षी मोठी करून पाहा. काळ्या-तपकिरी पंखांवर राख भुरभुरावी तसे ठिपके आणि मधूनच गंजाच्या रंगाच्या लाटा. सालीचा तुकडा वाटला यात नवल नाही, त्यासाठीच तर आहे ते सगळं.

टिपूर | १२ सप्टेंबर, सकाळी ८:३०

मला पाहूनच कसंतरी झालं. लहानपणी घरात असाच एक शिरला होता, तेव्हा मोठ्यांनी झाडूने मारला. कवटी दिसते म्हणजे अशुभ, असंच सगळे म्हणत होते. पंखांची पूड डोळ्यांत गेली तर दृष्टी जाते असंही ऐकलंय. तुम्ही हाताने धरलात का? चावत नाही का? खरंच विचारतेय, कारण आमच्या दारातही हल्ली दिव्याला मोठे पतंग येतात आणि घरात लहान मूल आहे.

कोषकार | १२ सप्टेंबर, सकाळी ९:१०

टिपूर, आधी तुम्हाला उत्तर देतो, कारण ते महत्त्वाचं आहे. हा पतंग चावूच शकत नाही. त्याला जबडे नसतात, सोंड असते. नांगी नाही, विष नाही. हातावर बसला तर पायांच्या नख्या जराशा टोचतात, तेवढंच. पंखांवरची पूड म्हणजे खवले. कुठलीही धूळ डोळ्यांत गेली की जेवढं चुरचुरतं तेवढं त्यानेही चुरचुरेल. पाण्याने डोळे धुवायचे. दृष्टी जात नाही. या पतंगाची अशी भीती युरोपातही फार जुनी आहे आणि तिच्यापायी तिथेही असंख्य पतंग मारले गेले. मुलाला दुरून दाखवा, त्याला फार आवडेल.

अंगणवेल, नोंदीची घाई नको. कवटीच्या मागोमाग तुम्ही बरोबर घरापर्यंत पोचलात, पण त्या घरात तीन भावंडं राहतात. अ‍ॅकेरॉन्शिया या प्रजातीत तीन जाती आहेत: अ‍ॅट्रोपॉस, स्टिक्स आणि लॅकेसिस. तिघांच्याही पाठीवर कवटी असते आणि तिघेही चीत्कारतात. म्हणजे कवटी हे आडनाव झालं, नाव दुसरीकडे शोधावं लागतं.

अ‍ॅट्रोपॉस हा आफ्रिका, भूमध्य समुद्राभोवतीचा प्रदेश आणि पश्चिम आशियातला. उन्हाळ्यात तो युरोपात पार उत्तरेपर्यंत जातो. भारतात जे दोन नेहमी दिसतात ते स्टिक्स आणि लॅकेसिस. शोधल्यावर अ‍ॅट्रोपॉस आधी येतो, कारण सर्वांत जास्त फोटो युरोपातल्या लोकांनी काढलेले आहेत. फोटो जुळला म्हणजे जात जुळली असं या प्रजातीत म्हणता येत नाही. मी स्वतः कितीतरी नोंदी अशा चुकलेल्या पाहिल्या आहेत आणि त्यामुळे कोणता पतंग कुठवर पसरलाय याचं चित्रच बिघडतं. म्हणून एवढा आग्रह.

आता खुणा. एका वेळी एकच पाहू, नाहीतर गोंधळ होतो.

मागचे पंख उघडे असलेला फोटो हवा. बसलेला असताना हा पुढचे पंख छपरासारखे वर घेतो, मागचे पूर्ण झाकले जातात. काडीने हलकेच पाठीला स्पर्श केलात तर पंख उचलून मागचा पिवळा-काळा भाग दाखवेल, बहुतेक ओरडेलही. त्याच क्षणी फोटो घ्या. मागच्या पंखाच्या मुळाशी, म्हणजे अंगाला जोडला जातो तिथे, मोठा काळा डाग आहे का ते मला हवंय. असेल तर लॅकेसिस. मुळापासून पिवळा असेल आणि त्यावर दोन काळे पट्टे आडवे गेले असतील तर उरलेल्या दोघांपैकी एक.

अंगणवेल | १२ सप्टेंबर, सकाळी ९:४५

स्पर्श केला. पंख उचलले आणि ओरडलाही. पण फोटो काढेपर्यंत पुन्हा मिटले. डोळ्यांनी पाहिलं ते सांगते: पिवळा रंग भरपूर होता आणि काळे पट्टे होते, चार-पाच तरी. मुळाशी काळं वाटलं नाही.

कोषकार | १२ सप्टेंबर, सकाळी १०:००

चार-पाच पट्टे म्हणजे तुम्ही पोट पाहिलंत. पोटावरही पिवळे-काळे आडवे पट्टे असतात आणि मधोमध निळसर राखाडी रेघ जाते. पंख उचलले की आधी तेच डोळ्यांत भरतं. मागचा पंख त्याच्या बाजूला, थोडा पुढच्या पंखाखाली दडलेला असतो. पुन्हा पाहा, पण त्याला अर्धा तास विश्रांती द्या. सारखा छेडला तर खवले झडतील आणि उडायची ताकदही खर्ची पडेल.

ओंजळ | १२ सप्टेंबर, सकाळी १०:२०

मध्येच विचारते. मागे माझ्याकडे एक मोठा राखाडी पतंग आला होता. पोटावर गुलाबी पट्टे होते, कवटी नव्हती. तोही यातलाच का?

कोषकार | १२ सप्टेंबर, सकाळी १०:२५

नाही, तो अ‍ॅग्रियस कन्व्हॉल्व्युली, त्याची अळी रताळ्याच्या वेलावर वाढते. हॉकमॉथ कुळातलाच, पण सोंड पाहिलीत तर फरक लगेच कळेल. त्याची सोंड अंगापेक्षाही लांब असते, खोल फुलांतला मध काढायला. कवटीवाल्यांची आखूड, जाड आणि टोकदार. ती फुलांसाठी बनलेली वाटतच नाही. कशासाठी आहे ते मधपाळांना विचारा.

अंगणवेल | १२ सप्टेंबर, सकाळी ११:१५

मिळाला! चौथा फोटो पाहा. उजव्या बाजूचा मागचा पंख स्वच्छ दिसतोय. मुळाशी पिवळाच आहे, अगदी हळदीसारखा. त्यावर दोन काळे पट्टे, आतला अरुंद आणि कडेजवळचा रुंद. तुम्ही सांगितलंत ते खरं होतं, मघाशी मी पोटावरचे पट्टे मोजले होते.

आणि कडेच्या काळ्या पट्ट्यात, पोटाच्या बाजूच्या कोपऱ्याशी, एक निळसर ठिपका आहे. आधी वाटलं उजेड चमकलाय, पण दोन्ही पंखांवर त्याच जागी आहे.

कोषकार | १२ सप्टेंबर, सकाळी ११:४०

उत्तम फोटो. मूळ पिवळं म्हणजे लॅकेसिस बाद. लॅकेसिसचं एकूण रूपच काळवंडलेलं असतं, पोटावरचे पिवळे भागही आक्रसून कडेला गेलेले. तुमच्या पतंगाच्या पोटावर पिवळा रंग चांगला ऐसपैस आहे.

तो निळा ठिपका तुम्ही स्वतःहून टिपलात याचा फार आनंद झाला. तो स्टिक्सच्या बाजूने बोलतो. पुढच्या पंखाच्या मध्यावरचा बारीक टिपका पहिल्या फोटोत नारिंगी दिसतोय. स्टिक्समध्ये तो सहसा नारिंगी असतो, अ‍ॅट्रोपॉसमध्ये पिवळसर पांढरा.

या दोघांतला सर्वांत खात्रीचा फरक मात्र खालच्या बाजूला असतो, जिकडे कुणी कॅमेरा नेतच नाही. अ‍ॅट्रोपॉसच्या पोटाखाली काळपट आडवे पट्टे असतात. स्टिक्सचं पोट खालून सहसा कोरं पिवळसर. आणि पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला मध्यावर अ‍ॅट्रोपॉसला एक पट्टा, स्टिक्सला दोन. तिसरा फोटो हललाय, पुन्हा काढता येईल का? बरणी काचेची आहे, तो काचेवर चढला की खालून घ्या. त्याला उलटा करू नका.

अंगणवेल | १२ सप्टेंबर, दुपारी १:०५

काचेवर चढायची वाट पाहत बसले होते, आत्ता चढला. पाचवा आणि सहावा फोटो. पोट खालून पूर्ण पिवळट, एकही पट्टा नाही. पंखाखाली दोन पुसट पट्टे मला दिसताहेत, तुम्हीही खात्री करा.

कोषकार | १२ सप्टेंबर, दुपारी १:३०

दोनच आहेत. पोट कोरं, पंखाखाली दोन पट्टे, निळा ठिपका, नारिंगी टिपका, पिवळ्या मुळाचा मागचा पंख. अ‍ॅकेरॉन्शिया स्टिक्स. निर्धास्त नोंद करा आणि खालच्या बाजूचे दोन्ही फोटो नोंदीला जरूर जोडा. पुढे ती तपासणाऱ्याचा अर्धा वेळ वाचेल.

कवटीच्या ठळकपणावर मात्र कधीच जाऊ नका. खवले झडले की ती पुसट होते, जुन्या पतंगाच्या पाठीवर कधीकधी नुसतं टक्कल उरतं. तेव्हाही बाकीच्या खुणा शाबूत असतात.

टिपूर | १२ सप्टेंबर, दुपारी २:१०

सगळं वाचलं. भीती एकदम गेली असं म्हणणार नाही, पण झाडू नक्की उचलणार नाही. नावांबद्दल विचारायचं होतं. स्टिक्स, लॅकेसिस ही कसली नावं?

कोषकार | १२ सप्टेंबर, दुपारी २:३५

सगळी ग्रीक पुराणातली आणि सगळी मृत्यूशी जोडलेली. अ‍ॅकेरॉन आणि स्टिक्स या पाताळातल्या नद्या. माणसाच्या आयुष्याचा धागा हाताळणाऱ्या तीन देवता होत्या, त्यांतली लॅकेसिस धागा मोजते आणि अ‍ॅट्रोपॉस तो कापते. अ‍ॅट्रोपॉसला हे नाव लिनीअसने १७५८ साली दिलं, लॅकेसिसला फॅब्रिशियसने १७९८ साली. बिचाऱ्या पतंगावर माणसाने आपली भीती लादली ती शास्त्रीय नावातसुद्धा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कवटी आपल्याला दिसते, कारण माणसाची नजर कुठेही चेहरा शोधते.

मधपेटी | १२ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४५

सोंडेचा विषय निघालाय म्हणून लिहितो. माझ्याकडे सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. दोन वर्षांपूर्वी रात्री एका पेटीतून विचित्र गुणगुण ऐकू आली. नेहमीपेक्षा वरच्या पट्टीतली, अस्वस्थ. झाकण उचललं तर हाच पतंग फळीवर, मधाच्या भरल्या घरांत सोंड खुपसून बसलेला. मेणाचं झाकण सरळ भोसकलं होतं. भोवती मधमाश्या होत्या, काही त्याच्या पाठीवरून चालत होत्या, पण घरात शिरलेल्या चोरावर तुटून पडाव्यात तशा तुटून पडल्या नव्हत्या. मला तेव्हा काहीच उमगलं नाही. त्यानंतर एकदा तळपाटावर एक मेलेलाही सापडला, म्हणजे दर वेळी सुटतो असंही नाही.

माझा उपाय साधा आहे. दाराची फट अशी ठेवायची की मधमाशी सहज जाईल आणि अंगठा शिरणार नाही. पतंगाचं अंग अंगठ्यापेक्षा बारीक नसतं. तेव्हापासून एकही आत गेलेला नाही, मारायची वेळ आली नाही. आणि एक कळकळीने सांगतो, मेण पोखरून जाळी करणारा मेणकिडा वेगळा. तो लहान राखाडी पतंगाची अळी असते आणि वसाहत उद्ध्वस्त करते. कवटीवाला फक्त मध पितो, पेटीत अंडी घालत नाही. त्याच्यावर मेणकिड्याचा राग काढू नका.

कोषकार | १२ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

मधपेटीदादा, तुम्ही पाहिलंत त्यामागे मोठी गंमत आहे. १९९१ साली अ‍ॅट्रोपॉसच्या अंगावरच्या रसायनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चार मेदाम्लं सापडली: पामिटोलेइक, पामिटिक, स्टिअरिक आणि ओलेइक. युरोपीय मधमाशीच्या अंगावरही हीच चार आणि जवळपास त्याच प्रमाणात. मधमाश्या अंधारात वासाने ओळखतात, त्यामुळे हा त्यांना परका वाटतच नाही, किंवा उशिरा वाटतो. शिवाय त्याची कातडी जाड आहे आणि डंखाचं विष तो बऱ्यापैकी सोसतो.

अंगणवेलच्या 'ओरडला'बद्दलही सांगायचं राहिलं. शब्द अचूक आहे. बहुतेक किडे पाय किंवा पंख घासून आवाज करतात, हा तोंडातून करतो. घशातली पोकळी फुगवून सोंडेवाटे हवा आत ओढतो, तेव्हा तोंडातला एक पडदा थरथरतो आणि खरखरीत आवाज येतो. मग तीच हवा बाहेर सोडताना शिट्टीसारखा बारीक. दोन्ही इतके भराभर होतात की आपल्याला एकच चीत्कार ऐकू येतो. तो राणीमाशीच्या आवाजाची नक्कल करून मधमाश्यांना शांत करतो असा जुना तर्क आहे. पण हात लावला की ओरडतो यावरून शत्रूला दचकवणं हाच मुख्य उपयोग मला पटतो.

अंगणवेल | १२ सप्टेंबर, रात्री ९:२०

सोडला. बरणी आडवी करून कट्ट्यावर ठेवली. लगेच उडाला नाही. दोनेक मिनिटं जागच्या जागी पंख थरथरवत राहिला, मग एकदम सरळ वर. वटवाघूळ गेल्यासारखं वाटलं.

कोषकार | १२ सप्टेंबर, रात्री ९:३५

ते थरथरणं म्हणजे अंग तापवणं. एवढं जड शरीर उचलायला स्नायू गरम लागतात. उडायला लागला की काय ताकद असते बघा: जर्मनीतून दक्षिणेकडे निघालेल्या अ‍ॅट्रोपॉसच्या पाठीवर इवलेसे रेडिओ टॅग लावून संशोधकांनी छोट्या विमानातून रात्री चार तासांपर्यंत त्यांचा माग काढला, अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. चौदा पतंग होते. वारा आडवा आला तरी ते आपली दिशा सरळ धरून आल्प्सकडे उडत राहिले, काहींचा माग ऐंशी किलोमीटरच्या पुढे मिळाला.

बांधावरचा | १३ सप्टेंबर, सकाळी ६:३०

धागा रात्री वाचला आणि आज उजाडताच तिळात गेलो. जी अळी आम्ही दर वर्षी पाहतो ती याचीच, हे आज पहिल्यांदा कळलं. बोटापेक्षा लांब, गुळगुळीत, शेपटीवर शिंग. आमच्याकडे शिंगाची अळी एवढंच म्हणतात. आज चार सापडल्या. दोन हिरव्या, एक पिवळी आणि एक मातकट तपकिरी. मी आजवर तीन वेगळ्या किडी समजत होतो. कोषकारदादा, तीन पतंग आहेत म्हणालात, तर या त्या तिघांच्या का?

शिंग नांगीसारखं डसतं अशी मजुरांची समजूत आहे, तेही सांगा.

कोषकार | १३ सप्टेंबर, सकाळी ७:१५

नाही, तिन्ही रंग एकाच जातीत असतात. हिरवा, पिवळा आणि तपकिरी, एकाच मादीच्या अंड्यांतूनही निघू शकतात. हिरव्या-पिवळ्यांच्या अंगावर बाजूने तिरपे पट्टे दिसतील, तपकिरीला ते नसतात, ती सालीसारखी ठिपकेदार. इथेही रंग फसवतो, कवटीसारखाच.

शिंग मऊ असतं, डसत नाही. अंगावर खाजरे केसही नाहीत, उघड्या हाताने उचला. उचललीत तर जबडे आपटून 'टिक् टिक्' आवाज करेल, घाबरू नका.

अळीत पाहायचं ते शिंगाचं वळण. स्टिक्स आणि अ‍ॅट्रोपॉसचं शिंग जाड, दाणेदार, आधी खाली झुकतं आणि टोक पुन्हा वर वळतं. लॅकेसिसचं टोक पार गोल फिरून कडं तयार होतं. कारवारला वनखात्यात असलेले टी. आर. बेल यांनी हॉकमॉथच्या अळ्या पाळून अशा बारीक नोंदी ठेवल्या होत्या. एफ. बी. स्कॉट यांच्यासोबतचा त्यांचा हॉकमॉथवरचा खंड १९३७ साली आला. आजही अळीपाशी अडलं की मी तिथेच जातो.

बांधावरचा | १३ सप्टेंबर, सकाळी ८:४०

चारही अळ्यांची शिंगं पाहिली. झुकून टोक वर. कडं एकाचंही नाही. म्हणजे स्टिक्स.

शोधायची आमची खूण पण सांगतो. अळी पानाखाली असते, रंगामुळे दिसत नाही. जमिनीकडे पाहायचं. मिरीएवढ्या काळ्या लेंड्या पडलेल्या दिसल्या की बरोबर त्याच्या वर मान करायची. लेंडीला उभ्या खाचा असतात. शेंडा बोडका झालेलं झाड दिसलं तरी समजायचं. चार अळ्यांसाठी फवारा मारायची गरज नसते, हाताने वेचून भागतं. जास्त झाल्या त्या वर्षी पीक निघाल्यावर खोल नांगरट करतो, मातीतले कोष वर येतात आणि पक्षी टिपतात. या चार बांधावरच्या धोतऱ्यावर नेऊन सोडल्या.

सोनकुसळ | १३ सप्टेंबर, दुपारी १२:००

थांबा, माझ्याकडे कडं आहे! कुंपणाच्या घाणेरीवर आठवड्यापूर्वी दोन हिरव्या अळ्या मिळाल्या, जाळीच्या डब्यात वाढवतेय. शिंगाचं टोक अगदी गोल वळलेलं आहे, मला वाटलं डब्यात मुडपलं असेल. फोटो टाकतेय. आज सकाळपासून एकीने खाणं सोडलंय, पाठ काळपट पडलीय आणि डब्यात गोल गोल फिरतेय. आजारी आहे का?

कोषकार | १३ सप्टेंबर, दुपारी १२:२०

ताई, आजारी नाही, तिला माती हवी आहे. लगेच द्या. खोल भांड्यात वीतभर ओलसर, भुसभुशीत माती. ती आत शिरून स्वतःभोवती पोकळी करेल आणि तिथे कोष होईल. हे रेशीम विणत नाहीत. किमान दहा दिवस माती उकरू नका. कोवळा कोष दाबला गेला तर पतंग वेडावाकडा निघतो.

शिंगावरून मला लॅकेसिस वाटतोय. पण नोंद पतंग निघाल्यावरच करा. मागच्या पंखाचं मूळ पाहा, बस.

सोनकुसळ | १ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:५०

वाईट बातमी. दुसरी अळीही चौदा तारखेला मातीत गेली होती. काल पहिला कोष पाहिला तर भोक पडलेलं, आतून पांढरे किडे निघून मातीत गेलेत. फार रडू आलं. काय चुकलं माझं?

कोषकार | १ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

तुमचं काही चुकलं नाही. ते टॅकिनिड माशीचे किडे. अळी घाणेरीवर होती तेव्हाच माशीने तिच्यावर अंडी घातलेली असणार. शेतातल्या अळ्या आटोक्यात राहतात त्यात या माश्यांचा मोठा वाटा असतो. दुसऱ्या कोषाला हात लावून पाहा, पोट हललं तर जिवंत आहे. तांबूस तपकिरी, चकचकीत आणि जड लागायला हवा.

सोनकुसळ | १ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४५

हलला! चांगला जोरात वळवळला. पुन्हा मातीवर अलगद ठेवला, बाजूला खरखरीत फांदी रोवली आहे.

सोनकुसळ | ८ ऑक्टोबर, पहाटे ५:१५

झोपलेच नाही. रात्री अकराला डब्यात खुडबुड झाली. कोषाचं डोकं फुटलं आणि ओला, चोळामोळा झालेला जीव बाहेर आला. पंख नखाएवढे. तो धडपडत फांदीवर चढला, उलटा लटकला, आणि मग पंख खाली उतरत गेले, ओलं कापड उलगडावं तसे. तासाभरात पूर्ण झाले. कवटी मात्र पहिल्यापासून होती, ओल्या केसांतसुद्धा.

चार वाजता काडीने पाठीला स्पर्श केला. ओरडला, पंख उचलले, आणि या वेळी मी पोटाकडे पाहिलंच नाही, सरळ मागच्या पंखाच्या मुळाशी पाहिलं. काळं आहे. मोठा, गच्च काळा डाग, पिवळा रंग त्याच्या पलीकडे सुरू होतो. पोटही खूप काळपट. खालून, वरून, बाजूने, सहा फोटो टाकलेत. अंगणवेल, तुमचा चौथा फोटो शेजारी ठेवून पाहा.

अंगणवेल | ८ ऑक्टोबर, सकाळी ७:००

ठेवला. नुसतं वरून पाहिलं असतं तर दोघांना एकच म्हटलं असतं. मागचे पंख पाहिल्यावर त्यांची गल्लत होणंच शक्य नाही.

कोषकार | ८ ऑक्टोबर, सकाळी ७:२५

लॅकेसिस, शंकाच नाही. सोनकुसळताई, नोंदीत घाणेरी, मातीत गेल्याची तारीख आणि आजची तारीख लिहा. पहिल्या कोषातल्या माशीचीही वेगळी नोंद करा, ती तितकीच मोलाची आहे. दिवसभर त्याला अंधाऱ्या, शांत जागी राहू द्या. रात्री दिवे मालवून सोडा, नाहीतर उडून पुन्हा तुमच्याच भिंतीवर येऊन बसेल.